गाडीला ‘अर्थ’ नव्हता

आमच्या दारात एक जुनी फियाट उभी आहे. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, साल १९९३. पण आपल्या बेळगावात तिला पद्मिनी कोण म्हणतं? मराठी घरातही ती फियाट आणि कन्नड घरातही फियाटच. पांढरा रंग, स्टिअरिंगजवळ गिअरची दांडी, १०८९ सीसीचं इंजिन आणि डॅशबोर्डखाली ओढायचा चोक. मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांनी एका पिढीची लग्नं, बारशी आणि गोव्याच्या सहली पार पाडल्या. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र अजून चालते. मध्यंतरी ती चालेनाशी झाली होती, त्याची ही हकिगत. जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे, आणि थोडी माझी चूक कबूल करायची म्हणूनही.

गाडी यांची. उद्यमबागेत एका कारखान्यात फोरमन म्हणून यांची नोकरी झाली. रविवारी सकाळी बॉनेट उघडून बसणं हा यांचा देवपूजेइतकाच नेम. प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, बॅटरीत पाणी घालणं, सगळं स्वतः. मी शाळेत मराठी शिकवणारी. लायसन्स काढून ठेवलेलं, पण गाडी हाकायची वेळ क्वचित आलेली. बॉनेटच्या आत काय असतं याचा मला पत्ता नव्हता आणि गरजही वाटली नव्हती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. हळूहळू दहा-बारा शब्द परत आले. ‘पाणी’, ‘नको’, ‘हो’, ‘गरम’, नातवाचं नाव असे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. ते बोलायला लागले की थांबा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मी मान डोलवायची. पण शाळेत तीस वर्षं मुलांची वाक्यं पुरी करायची सवय! ती काही सुटत नव्हती.

आठवड्यातून तीन दिवस व्यायामोपचाराला जायचं असे. तेव्हा मी पन्नाशी ओलांडून फियाट हाकायला शिकले. शहापुरातून टिळकवाडीपर्यंतचा रस्ता तो केवढा, पण यांच्यासाठी तीच सहल. खिडकीची काच खाली करून डावा हात बाहेर ठेवायचे आणि ओळखीची दुकानं बघत यायचे.

घुर्र... घुर्र... आणि शांत

जुलै २०२२. आपल्याकडचा पाऊस मी काय सांगायला हवा! चार दिवस झड लागलेली. सकाळी किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता कण्हला. घुर्र... घुर्र... आणि शांत. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळेला नुसता ‘टक’ असा आवाज आला. शेवटी रिक्षा बोलावली. भर पावसात यांना रिक्षात चढवताना पाय निसटला, गुडघा फुटला. फार लागलं नाही. पण घाबरले ते घाबरलेच. त्यानंतर रिक्षा म्हटली की ‘नको’. गाडी चालू होईपर्यंत उपचार बंद.

मग माझी धावपळ सुरू झाली. एका दुकानदाराने सांगितलं, बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली, चार हजार आठशे रुपये. दोन दिवस गाडी चालू झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा घुर्र. दुसऱ्याने सांगितलं, स्टार्टर उतरवावा लागेल. कार्बन बदलले, बुश बदलले, बावीसशे रुपये गेले. एक आठवडा बरा गेला आणि पुन्हा टक. हुबळीला नोकरी करणारा मुलगा शनिवारी आला, त्याने दोनदा किल्ली फिरवली आणि म्हणाला, “आई, किती दिवस हे? भंगारात घाल आता. त्या पैशात दोन वर्षं टॅक्सीने जाल.”

हे शेजारच्या सीटवर बसले होते. चालू होवो न होवो, गाडीत बसायचा त्यांचा हट्ट असे. मुलाचं बोलणं त्यांनी ऐकलं. डावा हात लांबवून चोकच्या तारेला लावला, झटकन मागे घेतला आणि म्हणाले, “गरम.”

मला वाटलं, उकडतंय. मी काच खाली केली.

“गरम. गरम,” ते पुन्हा म्हणाले.

सुनेने पंख्याने वारा घातला. ती गोकाकची. म्हणाली, “अत्ती, मावांना ताप तर नाही ना?” आम्ही कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले. घरात नेऊन निजवलं.

मिस्त्रीने काय केलं

पुढच्या मंगळवारी यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने एक मिस्त्री पाठवला. कित्तूरकडचा माणूस, साठीचा, डोक्यावर रुमाल. मी किल्ली घेऊन पुढे झाले, तर म्हणाला, “अक्का, स्टार्टर होडीब्याड्री. मदल केळोणु.”

त्याने हत्याराची पेटी उघडलीच नाही. आधी मला प्रश्न विचारले. आवाज कसा येतो? थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर? पावसात जास्त की उन्हातही? दिवे मंद होतात का? हे शेवटचं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्याने पुढचे दिवे लावले आणि मला एकदाच किल्ली फिरवायला सांगितली. स्टार्टर कण्हला, पण समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड फारसा कमी झाला नाही. हॉर्न वाजवला, खणखणीत.

“बॅटरी चलो ऐति,” तो म्हणाला. मग एक जाड केबल काढली. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे वजा चिन्हाच्या टर्मिनलला लावलं आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला चिमट्याने घट्ट धरवलं. “ईग होडीरी.” किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्याला चालू! तीन आठवड्यांत तो आवाज ऐकला नव्हता. घरातून हे काठी टेकत दारापर्यंत आले.

मिस्त्री वाकून खाली बघत म्हणाला, “अर्थ इल्लरी अक्का, अर्थ इल्ल.”

मी भाषेची शिक्षिका! मला वाटलं, हा आमच्या सगळ्या खटाटोपाला निरर्थक म्हणतोय. म्हटलं, “अर्थ नाही कसा? चालू तर झाली!” तो हसायला लागला. सुनेने समजावलं तेव्हा कळलं, तो अर्थिंगबद्दल बोलत होता. आपल्या दोन्ही भाषांत ‘अर्थ’ एकच आणि मिस्त्री लोकांचा ‘अर्थ’ तिसराच.

गोष्ट साधी होती. बॅटरीतून निघालेली वीज स्टार्टरमध्ये काम करून परत बॅटरीकडे यावी लागते. ही परतीची वाट गाडीच्या लोखंडी अंगातून असते. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग यांना जोडणारी तांब्याची एक पट्टी असते, वेणीसारखी विणलेली. आमची ती पट्टी तीस वर्षांच्या पाण्याने हिरवी पडली होती आणि बोल्टापाशी चार धाग्यांवर लटकत होती. त्यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही, वय झालं तिचं. कधी ते धागे टेकायचे, गाडी चालू व्हायची. कधी सुटायचे, गाडी बंद. म्हणूनच दर दुरुस्तीनंतर चार दिवस बरं वाटायचं.

दिवे मात्र गाडीच्या अंगावरच जोडलेले, त्यांची परतीची वाट शाबूत. म्हणून ते लख्ख. बॅटरी खरंच मेलेली असती तर किल्ली फिरवताच दिवेही मिणमिणले असते.

मी विचारलं, “पट्टी तुटली तर मग वीज परत कुठून जात होती?” तेव्हा त्याने चोकच्या तारेवर बोट ठेवलं. पट्टी नाही म्हटल्यावर वीज मिळेल ती वाट धरते. इंजिनाला जोडलेली चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची तार. स्टार्टर खूप मोठा करंट ओढतो, त्या बारीक तारांना तो झेपत नाही. त्या तापतात. कधी कधी जळूनही जातात.

मी दारात उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं. शनिवारी त्यांनी काय सांगितलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मिस्त्रीला सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “साहेबर सरी हेळ्यार. नीव केळिल्ल.”

नवी पट्टी दीडशे रुपयांची. बोल्टाची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम. त्याआधी मी सात हजार रुपये घातले होते आणि यांचे तीन आठवड्यांचे उपचार बुडवले होते.

आधी ऐका, मग हात लावा

त्या मिस्त्रीकडून मी पुढे दोन पावसाळे शिकले. त्याने शिकवलेला क्रम इथे देते. गाडी फियाट असो, जुनी अँबॅसॅडर असो की कार्बोरेटरवाली मारुती, क्रम बदलत नाही.

पहिली गोष्ट, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि गॅरेजचं दार सताड उघडं. बंद जागेत इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्या. नाहीतर बॅटरीही जाते आणि स्टार्टरही.

आता कान द्या. काहीच आवाज नाही किंवा नुसता ‘टक’, की स्टार्टर कण्हतो, की जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही? पहिल्या दोहोंत पेट्रोल, प्लग यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची वाट तपासा. दिवे लावून पाहा. किल्ली फिरवताना दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा साठला आहे. बुरा गरम पाण्याने धुवा, टर्मिनल घासून आवळा. साधा मीटर असेल तर गाडी बंद असताना व्होल्ट मोजा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. दिवे लख्ख आणि स्टार्टर मेलेला असेल तर अर्थिंगची पट्टी, स्टार्टरच्या तारा आणि मग स्टार्टर, या क्रमाने बघा.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची झाली तर अधिकला अधिक जोडा. ऋण तारेचं शेवटचं टोक मात्र बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावा. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, ठिणगी तिच्यापासून लांब पडलेली बरी. विडी, उदबत्ती, दिवा, काहीही जवळ नको.

तिसरी तऱ्हा म्हणजे स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही. मिस्त्री अशा वेळी दोनच प्रश्न विचारायचा, “करंट बरतैतेन? पेट्रोल बरतैतेन?”

आपल्या पावसात बहुधा करंटची कुरबुर असते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात आतून दमटपणा धरतो आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच पळते. टोपण काढून कोरड्या सुती कापडाने पुसलं तरी पुष्कळदा काम भागतं. टोपणाला केसासारखी चीर असेल तर ते बदलावंच लागतं. जुन्या गाड्यांत पॉइंट असतात, ते काळे पडतात, त्यांच्यातलं अंतर बिघडतं. कंडेन्सर दगा देतो. प्लगच्या तारा चालू इंजिनावर हाताने धरू नका, त्यांचा झटका हजारो व्होल्टचा असतो. आणि आसपास पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी तपासायला जाऊ नका.

पेट्रोलसाठी आधी नाकाचा उपयोग करा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिनात जास्त गेलं आहे. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. जादा पेट्रोल बाहेर पडतं. वास अजिबात नसेल आणि गाडी पंधरा दिवस उभी असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पंपाने ते पुन्हा चढेपर्यंत धीर धरावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात चोर्ला घाट चढून थांबलात आणि गाडी परत चालूच होईना, तर पेट्रोलची वाफ होऊन ती नळीत अडकलेली असते. बॉनेट उघडून गाडी निवू द्या, पंपावर ओलं फडकं ठेवा.

अलीकडे आणखी एका गोष्टीकडे बघावं लागतं. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. आपल्या जिल्ह्याच्या उसाचं त्याच्याशी नातं आहे, ही चांगलीच गोष्ट. पण १९९३ सालचे रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. नळ्या मऊ पडतात, फुगतात किंवा चिरतात. पंपातला रबरी पडदा खराब होतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकी महिनोन्‌महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नये. आम्ही सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आणि पंपाचा पडदा बदलला. नळी पाझरते का, हे दर महिन्याला बघते. पाझरणारी नळी आणि तापलेलं इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

आणि गाडी आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं फिरवाच. दारात नुसती चालू करून दोन मिनिटांत बंद केली तर बॅटरीतून गेलेलं भरून निघत नाही.

बॉनेटखालचा कागद

त्या मंगळवारनंतर मुलाने भंगाराचा विषय काढला नाही. काढला असता तरी मी फार विरोध केला नसता. एक दिवस गाडी जाईल, ते मला कळतं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, सुटे भाग शोधावे लागतात. पण बिघाड कशात आहे हे न कळता तिला टाकून देणं मला आता पटलं नसतं.

यांचे उपचार पुन्हा सुरू झाले. बोलणं फारसं वाढलं नाही, वीसेक शब्द आहेत. फरक माझ्यात पडला. ते एखादा शब्द म्हणाले की मी आता ‘पाणी हवं? उकडतंय? झोपायचंय?’ अशी सरबत्ती करत नाही. थांबते. त्यांचा डावा हात कुठे जातो ते बघते. शब्द एकच असतो, पण हात दुसरं काहीतरी दाखवत असतो. परवा ते ‘पाणी’ म्हणाले. तांब्या पुढे केला नाही, थांबले. त्यांनी बोट दाखवलं बॉनेटकडे. बॅटरीतलं पाणी खरंच कमी झालं होतं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटवला आहे. वर माझ्या अक्षरात मराठी, खाली सुनेच्या अक्षरात कन्नड. दिवे, बॅटरी, अर्थ, करंट, पेट्रोल, असा क्रम लिहिलाय. सगळ्यात वर एक ओळ नातवाने लाल पेनने घातली आहे. ‘आधी आजोबांना विचारा.’

रविवारी सकाळी यांची खुर्ची गाडीजवळ मांडते. पान्याची पेटी यांच्या मांडीवर असते. मी हात पुढे करते आणि हे डाव्या हाताने हवा तो पाना काढून देतात. दहा नंबर मागितला तर बारा देत नाहीत. मीच कधी चुकीचा मागते, तेव्हा मान हलवतात आणि म्हणतात, “नको.”